लक्ष्यित जाहिरात, शासकीय

शासनसंस्थेने नागरिकांच्या वैयक्तिक विदेचा, म्हणजे व्यक्तीशी निगडित अशा नोंदलेल्या माहितीचा, आधार घेऊन समाजमाध्यमांवर निवडक व्यक्तींना वा गटांनाच दिसेल अशा रीतीने प्रसृत केलेला सशुल्क संदेश म्हणजे शासकीय लक्ष्यित जाहिरात होय. वय, लिंग, निवासस्थान, भाषा, व्यवसाय, आवडीनिवडी, आंतरजालावरील पूर्वीचे वर्तन इ. निकषांवरून संदेश कोणाला दाखवावयाचा हे आधीच ठरविले जाते. वृत्तपत्र, नभोवाणी वा भिंतीपत्रक यांतील शासकीय जाहिरातीहून ती दोन बाबतींत भिन्न असते. एक तर तिचा वाचक आधी निवडलेला असतो. दुसरे असे, की ज्याची निवड झालेली नाही त्याला अशी काही जाहिरात आहे याचा पत्ताही लागत नाही. या दुसऱ्या वैशिष्ट्यामुळे हा विषय केवळ जाहिरातशास्त्राचा राहिलेला नाही; राज्यशास्त्र आणि विधी यांच्या कक्षेतही तो येतो.

व्यापारी संस्था व राजकीय पक्ष हेही लक्ष्यित जाहिराती देतात. तथापि शासनाची स्थिती त्यांच्याहून निराळी आहे. एखाद्या दुकानदाराला आपला भ्रमणध्वनी क्रमांक न देण्याचे स्वातंत्र्य ग्राहकास असते. शिधापत्रिका, शिष्यवृत्ती, पीकविमा वा निवृत्तिवेतन मिळविणाऱ्या नागरिकास ते व्यवहारतः नसते. शासनाकडील माहिती अधिकाराच्या बळावर वा गरजेपोटी गोळा झालेली असते आणि जाहिरातीचा खर्च सार्वजनिक निधीतून होतो. म्हणून एका कामासाठी घेतलेली माहिती मन वळविण्याच्या कामी वापरता येईल काय, आणि येत असल्यास कोणत्या मर्यादेत, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

पार्श्वभूमी : राज्यसंस्थेने प्रजेपर्यंत निरोप पोहोचविण्याच्या पारंपरिक पद्धती उघड्या स्वरूपाच्या होत्या. गावोगाव दवंडी पिटली जाई; चावडीवर हुकूम वाचून दाखविला जाई. मराठवाडा हैदराबाद संस्थानात असताना शासकीय आदेश ‘जरीदा’ या उर्दू राजपत्रातून प्रसिद्ध होत. स्वातंत्र्योत्तर काळात केंद्र शासनाचे जाहिरात व दृक्‌प्रसिद्धी संचालनालय आणि महाराष्ट्र शासनाचा माहिती व जनसंपर्क विभाग यांनी वृत्तपत्रे, चित्रफिती, प्रदर्शने व भित्तिपत्रके यांद्वारा हेच कार्य विस्तृत प्रमाणावर केले. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण हे या सर्वदूर प्रसिद्धीचे परिचित उदाहरण होय. यांपैकी कोणत्याही प्रकारात शासन कोणाला काय सांगत आहे हे सर्वांना दिसत असे; त्यामुळे सांगण्यातील खरेखोटेपणा, अतिशयोक्ती वा विसंगती यांवर टीका करणे शक्य होते.

व्यक्ती निवडून तिचे मन वळविण्याचा प्रकार मात्र संगणकापूर्वीही होता. कुटुंबनियोजन कार्यक्रमात आरोग्यसेवक आपल्या क्षेत्रातील पात्र जोडप्यांची नोंदवही ठेवीत आणि तीवरून घरोघर जात. परंतु येथे सांगणारा माणूस ओळखीचा असे, त्याला उलट प्रश्न विचारता येई आणि त्याने काय सांगितले हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही कळे. अशा याद्यांना ‘उद्दिष्टपूर्ती’ची जोड मिळाली, की काय होते हेही आणीबाणीच्या काळात (१९७५–७७) दिसून आले. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या निर्बीजीकरणाची तरतूद असलेले विधेयक संमत केले होते. त्याला राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अंमलात आले नाही. माहितीसाठी केलेली यादी, मनधरणीसाठी वापरलेली यादी आणि सक्तीसाठी वापरलेली यादी या तिन्हींतील अंतर थोडे असते, एवढे या अनुभवावरून म्हणता येते.

एकविसाव्या शतकात दोन घडामोडी एकाच सुमारास झाल्या. शासनाच्या नोंदी कागदावरून संगणकावर आल्या आणि समाजमाध्यमांच्या कंपन्यांनी जाहिरातीसाठी व्यक्तिगणिक निवड करण्याची यंत्रणा उभारली. पहिल्या घडामोडीतील एक महत्त्वाचा टप्पा महाराष्ट्रातच घडला : देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आले. त्यानंतर शिधावाटप, बँकखाते, शिष्यवृत्ती, जमिनीचे अभिलेख इ. नोंदी एका व्यक्तीभोवती जोडणे क्रमाक्रमाने सुकर होत गेले.

कार्यपद्धती : समाजमाध्यमांवरील लक्ष्यीकरणाच्या मुख्यतः पाच पद्धती आहेत. (१) वर्गवारीनुसार निवड : माध्यमकंपनीने आपल्या वापरकर्त्यांची जी वर्गवारी केलेली असते तीतून जाहिरातदार निवड करतो, उदा., विशिष्ट जिल्ह्यातील, १८ ते २५ वयोगटातील, मराठी भाषा वापरणारे व शेतीविषयक मजकूर पाहणारे पुरुष. येथे शासनाकडील माहितीचा उपयोग होत नाही. कंपनीने जमविलेल्या माहितीचा होतो. (२) यादीनुसार निवड : जाहिरातदार आपल्याकडील भ्रमणध्वनी क्रमांकांची वा विद्युत्‌पत्त्यांची यादी कंपनीस देतो. फेसबुकने ही सोय २०१२ मध्ये सुरू केली. क्रमांक गणिती प्रक्रियेने कूटरूपात नेऊन कंपनीकडील तशाच कूटरूप नोंदींशी ताडून पाहिले जातात आणि जुळलेल्या व्यक्तींना जाहिरात दाखविली जाते. (३) साम्यानुसार निवड : दिलेल्या यादीतील व्यक्तींशी वर्तनाने मिळत्याजुळत्या अशा नव्या व्यक्ती कंपनीचे अल्गोरिदम शोधून काढतात. (४) संकेतस्थळभेटीनुसार निवड : संकेतस्थळावर बसविलेल्या सूक्ष्म आज्ञावलीमुळे तेथे येऊन गेलेल्या व्यक्तीस पुढे इतरत्रही त्याच विषयाची जाहिरात दिसत राहते. (५) थेट संदेश : व्हॉट्सॲपसारख्या माध्यमातून क्रमांकांच्या यादीवर एकगठ्ठा संदेश पाठविले जातात. ही शेवटची पद्धत काटेकोर अर्थाने जाहिरात नसली, तरी तिचा आधार व परिणाम तेच असल्याने तिचा विचार येथेच केला जातो.

कूटरूप दिल्यामुळे क्रमांक उघडे पडत नाहीत, हे खरे आहे. तथापि एखादी व्यक्ती विशिष्ट यादीत आहे ही गोष्टच पुष्कळदा संवेदनशील असते. क्षयरुग्णांच्या, कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या किंवा एकल महिलांच्या यादीशी क्रमांक जुळला, की ती व्यक्ती त्या स्थितीत आहे असे अनुमान जुळवणी करणाऱ्या यंत्रणेस काढता येणे शक्य असते. याशिवाय जाहिरात प्रत्यक्ष कोणाला दाखवावयाची याचा अंतिम निर्णय लिलावपद्धतीने व प्रतिसादाच्या अंदाजाने कंपनीचे अल्गोरिदम करतात. त्यामुळे शासनाने सर्व महिलांसाठी दिलेली जाहिरातही प्रत्यक्षात काही विशिष्ट गटांनाच अधिक दिसू शकते आणि हे शासनाच्या अधिकाऱ्यांनाही सांगता येत नाही.

उपयुक्तता : लक्ष्यीकरणाचे समर्थन मुख्यतः काटकसर व परिणामकारकता या दोन मुद्द्यांवर केले जाते. अर्जाची मुदत संपत आलेल्या विद्यार्थ्यांनाच शिष्यवृत्तीची आठवण करून देणे, किंवा कापसावरील किडीची सूचना कापूस घेणाऱ्यांनाच देणे, हे सर्वांना सर्व काही सांगण्यापेक्षा सोयीचे असते. भारतात २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘एम-किसान’ या व्यवस्थेत शेतकऱ्याने नोंदविलेले पीक व तालुका यांनुसार लघुसंदेश पाठविले जात. शेतकऱ्याने त्याच कामासाठी माहिती दिलेली असल्याने येथे हेतूविषयी संदेह उद्‌भवत नाही.

परिणामकारकतेचा एक उल्लेखनीय पुरावा ब्रिटनमधील आहे. तेथील राष्ट्रीय गुन्हे संस्थेने डिसेंबर २०१७ पासून सुमारे सहा महिने, संगणकजालावर हल्ला करण्याची सेवा आंतरजालावर शोधणाऱ्या तरुणांना हे कृत्य बेकायदेशीर असल्याचे सांगणाऱ्या जाहिराती दाखविल्या. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांना असे आढळले, की त्या काळात ब्रिटनवरील अशा हल्ल्यांची वाढ थांबली. अमेरिकेत मात्र ती चालूच राहिली. शिक्षेऐवजी वेळीच दिलेल्या सूचनेने काम भागले, ही गोष्ट लक्षणीय आहे. परंतु याच यशामुळे हे साधन इतर कामांसाठी वापरण्याचा मोह वाढतो.

इतर देशांतील अनुभव : स्कॉटलंडमधील विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२१ पासून ब्रिटिश शासनाच्या अशा मोहिमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आगीपासून सुरक्षिततेच्या एका मोहिमेत खरेदीविषयक माहितीवरून निवड करून घरोघरीच्या ध्वनियंत्रांवर संदेश दिल्याचे त्यांनी निदर्शनास आणले. पुढे इंग्लिश खाडी ओलांडू पाहणाऱ्या स्थलांतरितांना परावृत्त करण्यासाठी भाषा व स्थान यांच्या आधारे फेसबुक व इन्स्टाग्राम यांवर जाहिराती दिल्याचेही उघड झाले. वर्तनबदलाच्या या तंत्रामागे ‘हलकासा धक्का’ देऊन निवडीची दिशा बदलण्याचा विचार आहे. रिचर्ड थेलर व कॅस सन्स्टीन यांच्या २००८ मधील ग्रंथाने तो लोकप्रिय केला आणि २०१० मध्ये ब्रिटिश शासनाने त्यासाठी स्वतंत्र पथक स्थापन केले.

युरोपीय संघातील प्रकरण अधिक बोलके आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये युरोपीय आयोगाने बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या आपल्या विधेयकास पाठिंबा मिळविण्यासाठी ‘एक्स’ या माध्यमावर नेदर्लंड्समधील नागरिकांना उद्देशून जाहिराती दिल्या. काही राजकीय नेते व पक्ष तसेच ख्रिस्ती धर्म यांच्याशी संबंधित विषयांत रस असणाऱ्यांना त्यांतून वगळण्यात आले होते. म्हणजे राजकीय मते व धर्मश्रद्धा यांविषयीच्या अनुमानांवर ही निवड झाली होती. तक्रारीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय विदा संरक्षण पर्यवेक्षकाने हे कृत्य बेकायदेशीर ठरवून आयोगास समज दिली. खाजगीपणाचे जगातील कठोर समजले जाणारे नियम (२०१८ पासून अंमलात) ज्या संस्थेने सुचविले, तिच्याकडूनच हे उल्लंघन झाले होते. त्यानंतर राजकीय जाहिरातींच्या पारदर्शकतेविषयीचा युरोपीय संघाचा नवा विनियम १० ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला.

खाजगी क्षेत्रातील केंब्रिज ॲनलिटिका प्रकरणाने (२०१८) या विषयाकडे जगाचे लक्ष प्रथम वेधले. फेसबुकच्या सुमारे ८.७ कोटी वापरकर्त्यांची माहिती अयोग्य रीतीने वापरली गेल्याचे कंपनीने मान्य केले. त्यांत भारतातील सुमारे ५.६२ लाख व्यक्तींचा अंतर्भाव होता.

भारतातील स्थिती : केंद्र शासनाच्या जाहिरातीचे काम केंद्रीय संचार ब्यूरो पाहतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या अंकीय जाहिरात धोरणानुसार समाजमाध्यमे, भ्रमणध्वनी ॲप, ध्वनिमालिका व चित्रप्रवाह मंच यांवर जाहिराती देण्याचा अधिकार त्याला मिळाला. नागरिककेंद्रित संदेश लक्ष्यित रीतीने पोहोचविता येणे व त्यामुळे खर्चात बचत होणे हा या धोरणाचा एक हेतू म्हणून सांगण्यात आला.

शासनाकडील माहिती मूळ हेतूपलीकडे जाण्याची काही उदाहरणे अभिलेखात आहेत. वाहन व वाहनचालक परवाना यांच्या नोंदी खाजगी संस्थांना शुल्क घेऊन देण्याचे धोरण रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१९ मध्ये आखले. त्या सुमारास अशा नोंदींपासून सुमारे ६५ कोटी रुपये मिळाल्याचे संसदेत सांगण्यात आले. खाजगीपणाच्या कारणास्तव २०२० मध्ये हे धोरण रद्द झाले. पुदुच्चेरी येथील २०२१ च्या निवडणुकीत आधारशी जोडलेल्या क्रमांकांच्या साहाय्याने मतदारांना पक्षप्रचाराचे संदेश पाठविल्याचा आरोप मद्रास उच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने तो गांभीर्याने घेतला. आधार प्राधिकरणाने मात्र आपल्याकडून माहिती बाहेर गेली नसल्याचे सांगितले.

मार्च २०२४ मधील घटना शासकीय संदेशाशी थेट संबंधित आहे. ‘विकसित भारत संपर्क’ या नावाने व्हॉट्सॲपवरून पंतप्रधानांचे पत्र व शासनाच्या योजनांविषयीचा संदेश मोठ्या संख्येने नागरिकांना पाठविण्यात आला. लोकसभा निवडणुकीची घोषणा १६ मार्च रोजी होऊन आचारसंहिता लागू झाली, तरी संदेश येत राहिले. तक्रारींनंतर २१ मार्च रोजी निवडणूक आयोगाने ते तत्काळ थांबविण्याचा आदेश दिला. संदेश आचारसंहितेपूर्वी पाठविले होते, तांत्रिक मर्यादांमुळे काही उशिरा पोहोचले असावेत, असे संबंधित मंत्रालयाने कळविले. आयोगाचा आदेश वेळेपुरता होता; एवढे क्रमांक कोणत्या नोंदींतून व कोणत्या अधिकाराने घेतले गेले, हा प्रश्न आचारसंहितेच्या कक्षेबाहेरच राहतो.

महाराष्ट्र व मराठवाडा : महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत व्यक्तिगणिक नोंदींचे विस्तृत संचय तयार झाले आहेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ‘ई-पीक पाहणी’मध्ये शेतकरी स्वतःच पिकाचे छायाचित्र व स्थान नोंदवितो. ‘ॲग्रिस्टॅक’ योजनेतील शेतकरी ओळख क्रमांक १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांच्या लाभासाठी आवश्यक करण्यात आला. जून २०२४ मध्ये घोषित झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत २१ ते ६५ वयोगटातील दोन कोटींहून अधिक महिलांची नोंद काही महिन्यांतच झाली. दरमहा १,५०० रुपयांच्या साहाय्यासाठी त्यांनी आधार, बँकखाते, भ्रमणध्वनी क्रमांक व उत्पन्नविषयक माहिती दिली. पुढे २०२५ मध्ये अन्य विभागांच्या नोंदींशी ती ताडून सुमारे २६ लाख लाभार्थींच्या पात्रतेविषयी आक्षेप घेण्यात आले. पात्रता तपासण्यासाठी नोंदी जोडणे हे योजनेच्या हेतूशी संबंधित कार्य आहे. परंतु नोंदी अशा जोडता येतात, हेही त्यातून सिद्ध होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सॲपवर देण्यासाठी मेटा या कंपनीशी करार केला. दाखल्यासाठी तहसील कार्यालयात खेटे घालणाऱ्या नागरिकास ही मोठी सोय होय. मात्र सेवा देणारी वाहिनी व जाहिरात विकणारी कंपनी एकच असल्याने, सेवेसाठी झालेला व्यवहार जाहिरातीच्या कामी येणार नाही अशी स्पष्ट भिंत करारातच असणे अगत्याचे ठरते.

छत्रपती संभाजीनगरचा (पूर्वीचे औरंगाबाद, शहराचे नामांतर २०२३) कोविडकाळातील अनुभव या संदर्भात उद्‌बोधक आहे. साथीच्या आरंभी, २०२० मध्ये, महानगरपालिकेने ‘माझी हेल्थ माझ्या हाती’ हे ॲप वापरात आणले, तर राज्यभर ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत घरोघर जाऊन आरोग्यविषयक माहिती नोंदविण्यात आली. पुढे लसीकरणात जिल्हा राज्याच्या सरासरीच्या बराच मागे राहिला, तेव्हा नोव्हेंबर २०२१ मध्ये जिल्हा प्रशासनाने किमान एक मात्रा घेतल्याचे प्रमाणपत्र दाखविल्याशिवाय शिधा, इंधन इ. न देण्याचा व अजिंठा, वेरूळ यांसारख्या पर्यटनस्थळी प्रवेश न देण्याचा आदेश काढला. आवाहन अपुरे पडल्यावर प्रशासन सक्तीकडे वळते, याचे हे उदाहरण होय. लक्ष्यित जाहिरातीचे समर्थक अशा वेळी तिला सक्तीचा सौम्य पर्याय मानतात आणि त्यात तथ्य आहे. मात्र कोणत्या प्रभागात वा गावात लसीकरण मागे आहे हे कळण्यास एकत्रित आकडेवारी पुरते. तेवढ्यावरून त्या भागात योग्य भाषेत जाहिरात देता येते. लस न घेतलेल्या प्रत्येक व्यक्तीचा क्रमांक माध्यमकंपनीस देण्याची त्यासाठी आवश्यकता नसते. स्थाननिष्ठ लक्ष्यीकरण व व्यक्तिनिष्ठ लक्ष्यीकरण यांतील हा भेद व्यवहारात फार महत्त्वाचा आहे.

येथे एक विशिष्ट अडचणही उद्‌भवते. ग्रामीण महाराष्ट्रात लाभार्थींच्या याद्यांचे चावडीवाचन करण्याची पद्धत आहे आणि माहितीच्या अधिकाराच्या अधिनियमातील (२००५) कलम ४ अन्वये अनुदान योजनांच्या लाभार्थींचा तपशील शासनाने आपण होऊन प्रसिद्ध करावयाचा असतो. यादी उघड असावी ती शासनावर लोकांची नजर राहावी म्हणून. तीच यादी लोकांवर नजर ठेवण्यासाठी किंवा त्यांचे मन वळविण्यासाठी वापरली गेली, तर मूळ तत्त्वच उलटे होते. म्हणून नाव व लाभाची रक्कम उघड ठेवणे आणि भ्रमणध्वनी क्रमांक, जात, आजार इ. तपशील राखून ठेवणे, असा विवेक प्रसिद्धीतही करावा लागतो.

विधिविषयक तरतुदी : सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा संविधानाच्या अनुच्छेद २१ खालील मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. त्यावर शासनास मर्यादा घालावयाची झाल्यास कायद्याचा आधार, वैध हेतू आणि हेतूच्या प्रमाणातच उपाययोजना असावी लागते. आधार अधिनियमातील (२०१६) कलम २९ अन्वये ओळखविषयक माहिती सांगितलेल्या हेतूव्यतिरिक्त वापरता येत नाही. आरोग्यसेतू ॲपवरील माहिती नागरिकाच्या संमतीविना इतर शासकीय यंत्रणांना देण्यास कर्नाटक उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये अंतरिम मनाई केली होती.

शासकीय जाहिरातीच्या आशयाविषयी सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१५ रोजी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. जाहिरात शासनाच्या जबाबदारीशी संबंधित, वस्तुनिष्ठ व काटकसरीची असावी आणि तिने सत्तारूढ पक्षाचे हित साधू नये, असे त्यांचे सार आहे. ही तत्त्वे वृत्तपत्रीय जाहिरातीचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून घडली आहेत : मजकूर काय असावा हे ती सांगतात, मजकूर कोणाला दाखवावा व कोणाला दाखवू नये याविषयी त्यांत मार्गदर्शन नाही. लक्ष्यित जाहिरातीत पक्षपात मजकुरात नसून वाचकाच्या निवडीत असू शकतो. एकच निर्दोष मजकूर केवळ चुरशीच्या मतदारसंघांतच दाखविला, तर आशयाच्या कसोटीस तो उतरेल; हेतूच्या कसोटीस उतरणार नाही.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ याने या क्षेत्रात प्रथमच सर्वसाधारण चौकट घालून दिली. तत्पूर्वी माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम ४३अ केवळ कंपन्यांसारख्या निगम संस्थांना लागू होते. शासकीय विभाग त्याबाहेर होते. नव्या अधिनियमाच्या कलम ७ नुसार अनुदान, लाभ, सेवा, दाखला वा परवाना देण्यासाठी शासनास नव्याने संमती न घेता माहिती वापरता येते. अशा वापरासाठी नियमांच्या दुसऱ्या अनुसूचीत हेतूची मर्यादा, आवश्यक तेवढ्याच माहितीचा वापर, अचूकता व उत्तरदायित्व ही मानके दिली आहेत. लाभ देणे व दिलेल्या लाभाची प्रसिद्धी करणे या भिन्न गोष्टी असल्याने प्रसिद्धीसाठी या कलमाचा आधार घेता येणार नाही, असा अर्थ लावणे सयुक्तिक ठरते. तथापि अधिनियमात तसे शब्द नाहीत. बालकांना उद्देशून लक्ष्यित जाहिरात करण्यास कलम ९ प्रतिबंध करते. कलम १७ अन्वये मात्र राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था इ. कारणांसाठी अधिसूचित यंत्रणांना अधिनियमातून पूर्णपणे वगळता येते.

अंमलबजावणीचा क्रमही ध्यानात घेण्यासारखा आहे. या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहितीच्या अधिकारातील वैयक्तिक माहितीविषयक अपवाद व्यापक करणारी दुरुस्ती त्याच वेळी लागू झाली. माहिती वापरणाऱ्यावर बंधने घालणारी मुख्य कलमे मात्र अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, अंमलात यावयाची आहेत. म्हणजे शासनाकडील नोंदींपर्यंत नागरिकाची पोहोच आधी आखडली आणि नागरिकाच्या नोंदींवरील शासनाच्या वापराची बंधने नंतर येणार, असा हा क्रम आहे.

मूल्यमापन : शासकीय लक्ष्यित जाहिरात सर्वस्वी त्याज्य मानण्याचे कारण नाही. ज्याला माहितीची गरज आहे त्याच्यापर्यंत ती वेळेवर पोहोचविणे हे शासनाचे कर्तव्यच आहे आणि दूरच्या तांड्यावरील स्त्रीला योजनेची मुदत कळली नाही, तर सार्वजनिक सूचनाफलकाचा उघडेपणा तिच्या उपयोगी पडत नाही. प्रश्न उद्‌भवतो तो माहिती देणे, मन वळविणे व प्रचार करणे यांतील सीमारेषा अदृश्य झाल्यावर. उघड जाहिरातीत ही रेषा वाचकांच्या व विरोधकांच्या नजरेमुळे राखली जात असे; लक्ष्यित जाहिरातीत ती नजरच उरत नाही.

ती नजर पुन्हा निर्माण करण्याचे काही उपाय सुचविले जातात. फेसबुकने भारतात २०१९ पासून राजकीय जाहिरातींचा उघड संग्रह ठेवला आहे. त्यात खर्चाचा अंदाज व प्रेक्षकांचे वय, लिंग, राज्य यांचा गोषवारा मिळतो. यादी वापरली असल्यास ती कोठून आली हे समजत नाही. त्यामुळे शासनाने स्वतःच प्रत्येक जाहिरातीचा मजकूर, खर्च, कालावधी, निवडीचे व वगळण्याचे निकष आणि माहितीचा उगम यांची नोंदवही प्रसिद्ध करावी, ही सूचना सर्वांत मूलगामी ठरते. लाभार्थींच्या याद्या माध्यमकंपन्यांना न देणे, शक्य तेथे स्थाननिष्ठ निवडीवर भागविणे, धर्म, जात, आरोग्य व राजकीय मत यांवर आधारित निवड वर्ज्य करणे आणि ‘हा संदेश आपणास का दिसत आहे’ हे जाहिरातीतच मातृभाषेत सांगणे, या अन्य सूचना होत. यांपैकी बहुतेकींसाठी नव्या कायद्याची गरज नाही. शासननिर्णयाने त्या अंमलात आणता येतात.

दवंडी देणाऱ्याचा आवाज गावातील सर्वांच्या कानी पडे. ज्याला हुकूम मान्य नसे तोही तो ऐकत असे व त्यावर बोलत असे. तंत्र बदलले, तरी लोकशाहीत शासनाचे बोलणे सर्वांना ऐकू येईल असे असावे, ही अपेक्षा बदललेली नाही. निवडक कानांपर्यंत पोहोचण्याचे सामर्थ्य शासनाच्या हाती आले असताना, त्या बोलण्याची नोंद सर्वांसाठी खुली ठेवणे एवढ्यानेच ही अपेक्षा पूर्ण होऊ शकते.